अंमल कुणाचा? खानदेश, अफू आणि व्यसनाची परिस्थिती



आजचा विषय कळल्यावर एका जुन्या सहकाऱ्यांनी मला विचारलं, "सर, तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या माणसाचं अफूशी काय काम?" प्रश्न रास्त आहे. मी डॉक्टर नाही, मानसोपचारतज्ज्ञ तर नाहीच. पण माणूस स्वतःचं भलं कशात आहे हे कळत असूनही त्याच्या उलट का वागतो, हा तत्त्वज्ञानातला फार जुना प्रश्न आहे. आणि या प्रश्नाचं सगळ्यात रोखठोक उदाहरण म्हणजे व्यसन. उत्तर मात्र पुस्तकात शोधण्यापेक्षा इतिहासात शोधावं असं मला वाटतं. म्हणून आज आपण आपल्या जळगाव-धुळ्याच्या मुलखातून आणि मुंबई इलाख्यातून अफूचा माग काढणार आहोत.

सुरुवात दोन शब्दांनी करू.

पहिला शब्द 'अंमल'. मूळ अरबी. अर्थ काम, कारभार. मराठीत आपण 'पेशव्यांचा अंमल', 'इंग्रजांचा अंमल' म्हणतो, 'अंमलबजावणी' म्हणतो. आणि त्याच तोंडाने 'अफूचा अंमल चढला' असंही म्हणतो. 'अंमली पदार्थ' हा आजचा सरकारी शब्द तिथूनच आला. राज्य करणं आणि नशा चढणं या दोन्हींना भाषेने एकच शब्द दिला. दोन्हींत माणसावर दुसऱ्या कुणाची तरी सत्ता चालते.

दुसरा शब्द 'व्यसन'. आज त्याचा अर्थ वाईट सवय. पण संस्कृतात व्यसन म्हणजे संकटसुद्धा. कौटिल्याच्या अर्थशास्त्राचं आठवं अधिकरण उघडून पाहा. राजाची जुगाराची, मद्यपानाची ओढ तिथे व्यसन आहे, आणि दुष्काळ, पूर, रोगराई ही राज्यावर येणारी संकटंही त्याच अधिकरणात आहेत. माणसाला श्रेयसापासून दूर फेकतं ते व्यसन, अशी त्याची फोड तिथे दिली आहे. म्हणजे जे माणूस करतो आणि जे माणसावर कोसळतं, ही दोन्ही आपल्या पूर्वजांनी एकाच नावाखाली ठेवली. पुढे आपण त्यातला एक अर्थ विसरलो. माझं आजचं सगळं म्हणणं त्या विसरलेल्या अर्थाविषयी आहे.

रस्ता आणि मुलूख

इंग्रजांनी १८१८ मध्ये खानदेश घेतला तेव्हा हा मुलूख उद्ध्वस्त होता. १८०२ च्या सुमारास होळकरांच्या फौजांची धूळधाण, पाठोपाठ १८०३-०४ चा दुष्काळ, मग पेंढारी. गावंच्या गावं ओस पडलेली. कॅप्टन जॉन ब्रिग्ज हा पहिला इंग्रज अधिकारी इथे आला आणि धुळे हे कारभाराचं ठाणं झालं. सातपुड्यातल्या भिल्लांशी आधी लढाई, मग तह, मग १८२५ पासून औट्रमचं भिल्ल पलटण. हा इतिहास तुम्हाला माहीत आहे.

याच काळात सातपुड्यापलीकडे माळव्यात खसखशीची शेतं बहरत होती. शिंदे-होळकरांच्या राज्यांत पिकणारी ही अफू मुंबईच्या बंदरातून चीनला जायची. कंपनीने आधी हा व्यापार मुठीत घेण्याचा प्रयत्न केला, जमला नाही. व्यापारी राजस्थानातून, कराचीवरून, दमणच्या पोर्तुगीज बंदरातून माल काढू लागले. तेव्हा १८३०-३१ च्या सुमारास कंपनीने धोरण बदललं. पास घ्या, पेटीमागे कर भरा आणि सरळ मुंबईला जा. कर आधी १७५ रुपये होता, १८३५ मध्ये १२५ केला. पुढे १८४३ मध्ये सिंध जिंकला, कराचीची वाट बंद झाली, आणि १८४७ पर्यंत तोच कर ४०० रुपयांवर गेला. पळवाट बंद झाली की भाव वाढतो, हे व्यापाराचं गणित सरकारलाही कळत होतं.

इंदूरहून मुंबईची सरळ वाट कोणती? सेंधव्याचा घाट उतरा, शिरपूर, धुळे, मालेगाव, नाशिक. आपला आग्रा रोड. एका पेटीत साठ किलोंहून जास्त अफू. ज्या मालावर एका साम्राज्याचा खजिना चालत होता त्या मालाच्या वाटेवर आपण वसलेलो आहोत. हे अशासाठी सांगतो की व्यसनाचा विचार करताना आपण लगेच माणसाच्या मनात शिरतो. आधी विचारावं, की वस्तू त्याच्या दारात आणली कुणी?

गरिबाची औषधपेटी

पण दारात वस्तू आली म्हणजे माणूस ती खातोच असं नाही. मग अफू लोक का खात?

अफू चार कामं करते. दुखणं शमवते, खोकला थांबवते, हगवण बांधते, झोप आणते. ज्या मुलखात हिवताप आणि पटकी पाचवीला पुजलेली, डॉक्टर वीस कोसांवर, आणि पोट भरायचं तर उद्याही उन्हात वाकायचं, तिथे ही चार कामं करणारी एक गोळी म्हणजे गरिबाची औषधपेटी होती. तापावर अफू चालते असाही समज होता, आणि अनेक गोरे डॉक्टरही तो बोलून दाखवत. अफू खाणारा प्रत्येक जण चैनीसाठी खात होता ही कल्पना आधी डोक्यातून काढा.

दुसरीकडे कसुंब्याचा रिवाज होता. अफू पाण्यात घोटायची, गाळायची आणि ओंजळीतून पाहुण्याला पाजायची. माळवा, गुजरात, राजस्थानातल्या रजपूत घराण्यांत लग्नाला, दुखवट्याला, जुनं वैर मिटवताना कसुंबा व्हायचा. खानदेशची उत्तर आणि पश्चिम सीमा याच मुलखांना लागून आहे. इथे अफूला प्रसंग होता, माप होतं, समोर बसलेली चार माणसं होती. मला त्या रिवाजाचं कौतुक सांगायचं नाही. कसुंब्याच्या पंगतीतूनही कायमचे अफूबाज निघाले, आणि त्यांच्या जमिनी गेल्या. पण फरक बघा. द्रव्य तेच, आणि एकट्याने अंधाऱ्या खोलीत घेतलेली गोळी वेगळी, पंगतीत घेतलेली ओंजळ वेगळी. त्या दोन माणसांची गरज वेगळी होती.

सरकारने १८७८ च्या कायद्याने लागवड, बाळगणं, विक्री सगळं परवान्याखाली आणलं. इंग्लंडमध्ये ओरड झाली म्हणून १८९३ मध्ये लॉर्ड ब्रॅसी यांच्या अध्यक्षतेखाली रॉयल कमिशन नेमलं. सातशेहून अधिक साक्षीदार तपासले. १८९५ च्या अहवालाने काय म्हटलं? हिंदुस्थानात अफू बेताने खाल्ली जाते, फार मोठं नुकसान दिसत नाही, बंदीची गरज नाही. हेन्री विल्सन या एका सदस्याने मात्र विरोधी मत नोंदवलं.

आपण आज त्या कमिशनला सहज हसू शकतो, कारण महसूल डोळ्यांसमोर ठेवून अहवाल लिहिला हे उघड आहे. पण बंदीवाल्यांचीही बाजू अपुरी होती. एक बाजू म्हणे, अफू निरुपद्रवी आहे. दुसरी म्हणे, अफू राक्षस आहे. दोघांचीही नजर अफूवर. खाणाऱ्याचा दिवस कसा जातो, त्याला रात्री झोप का लागत नाही, हे कुणी मुळातून विचारलं नाही.

बाळगोळी

आता मी ज्या गोष्टीपाशी थोडा थांबणार आहे तिथे येऊ.

अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या वेळी, १८६१ ते ६५, कापसाला सोन्याचा भाव आला आणि खानदेश कापसाचा मुलूख झाला. रेल्वे आली, जळगाव वाढलं. पुढे जळगावला खानदेश मिल, अमळनेरला प्रताप मिल, धुळ्याला, चाळीसगावला गिरण्या झाल्या. १९०६ मध्ये जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम खानदेश असे दोन भाग झाले, एकाचं ठाणं जळगाव, दुसऱ्याचं धुळे. शेतमजुराच्या घरातली बाई भोंग्यावर चालू लागली. १८९१ च्या कायद्याने बाईचा दिवस जास्तीत जास्त ११ तासांचा. कायद्याने जास्तीत जास्त, हं! शिवाय घरचं काम वेगळं.

तान्ह्या बाळाचं काय करायचं? मुंबईच्या चाळींत याचं उत्तर होतं बाळगोळी. मोहरीएवढी अफूची गोळी. बाळ निपचित झोपतं, रडत नाही, भूकही मागत नाही. १९२२ मध्ये मुंबई सरकारच्या लेबर गॅझेटमध्ये डॉ. बार्न्स या महिला डॉक्टरांची पाहणी आली. त्यांनी दिलेला आकडा असा, की मुंबईतल्या गिरणीकामगार बायकांच्या १०० मुलांपैकी ९८ मुलांना अफू दिली जाते. १९२९ ते ३१ च्या व्हिटले कमिशनपुढेही ही गोष्ट आली.

हा मुंबईचा आकडा आहे, खानदेशच्या गिरण्यांचा नाही, हे नीट लक्षात ठेवा. पण इलाखा एक, कायदा एक, भोंगाही तसाच. म्हणून प्रश्न आपलाही आहे.

आता मला सांगा, यात व्यसनी कोण? बाळ? त्याला तर इच्छाच नाही. आई? ती स्वतः अफू खात नाही, आणि मुलावर तिची माया नाही असं म्हणायची कुणाची छाती आहे? तिला ११ तास हवे होते. बाजारात वेळ विकत मिळत नाही, पण गोळी मिळते. गोळीच्या रूपाने तिने वेळ विकत घेतला. शंभरात अठ्ठ्याण्णव आया नीतीने घसरलेल्या असू शकत नाहीत. जी गोष्ट शंभरातले दोन करतात तिथे स्वभाव शोधावा. अठ्ठ्याण्णव करतात तिथे परिस्थिती शोधावी.

आणि उपाय कोणता निघाला? उपदेश झाला, पत्रकं निघाली. पण कामाला आल्या त्या साध्या गोष्टी. १९२९ मध्ये मुंबई इलाख्यात बाळंतपणाच्या भत्त्याचा कायदा झाला. १९३४ च्या फॅक्टरी कायद्याने पाळणाघराची सक्ती करण्याचा अधिकार प्रांतिक सरकारांना दिला, १९४८ च्या कायद्याने ५० पेक्षा जास्त बायका असतील तिथे पाळणाघर बंधनकारक केलं. अफूवरचा उतारा म्हणजे एक खोली, चार पाळणे आणि एक दाई! या चित्राला काळी किनारही आहे, ती लपवायला नको. बायकांसाठी खर्च करण्यापेक्षा त्यांना कमी करणं मालकांना सोयीचं वाटलं, आणि पुढच्या काळात गिरण्यांतल्या बायकांची संख्या घटत गेली. काही घरांतून गोळी गेली, तिच्याबरोबर रोजगारही गेला.

अमळनेरला मिल काढणारे श्रीमंत प्रतापशेठ, त्यांनीच १९१६ मध्ये त्या गावात तत्त्वज्ञान मंदिर स्थापन केलं. देशभरचे विद्वान तिथे येऊन राहिले, वेदान्तावर चर्चा झाल्या. इच्छास्वातंत्र्य म्हणजे काय हा प्रश्न आणि गिरणीचा भोंगा, दोन्ही एकाच गावात ऐकू येत होते. आम्हा तत्त्वज्ञानवाल्यांनी पहिल्याचा अभ्यास केला. दुसऱ्याकडे कान द्यायचा राहिला.

शरीर काय सांगतं

आता जरा विज्ञान. १९७३ मध्ये संशोधकांना मेंदूत अशा जागा सापडल्या जिथे अफूजन्य द्रव्यं कुलपात किल्ली बसावी तशी बसतात. बाहेरच्या किल्लीसाठी शरीरात कुलूप कशाला असेल? १९७५ मध्ये उत्तर मिळालं. शरीर स्वतःच तशी द्रव्यं तयार करतं. मग याक पांक्सेप या शास्त्रज्ञाने प्राण्यांच्या पिल्लांवर प्रयोग केले. आईपासून दूर केलेलं पिल्लू कळवळून ओरडतं. अगदी थोडं अफूजन्य द्रव्य दिलं की ते ओरडणं शांत होतं.

बाळगोळी आठवली ना? आईच्या जवळिकीने जी शांती मिळते, तिचीच नक्कल ही गोळी करते. म्हणजे अफू फक्त हातापायाचं दुखणं मारत नाही, तुटलेपणाचं दुखणंही मारते. आणि तुटलेपण कुणाला नाही? स्थलांतरिताला, विधवेला, कर्जात बुडालेल्याला, गिरणी बंद पडल्यावर घरी बसलेल्या कर्त्या पुरुषाला.

एक परदेशी उदाहरण देतो. व्हिएतनाम युद्धात गेलेल्या अमेरिकन सैनिकांपैकी साधारण पाचातला एक हेरॉइनच्या आहारी गेला होता. सरकार धास्तावलं, की हे सगळे घरी आले तर काय होईल? ली रॉबिन्स या संशोधक बाईंनी १९७१ मध्ये परतलेल्या सैनिकांचा पाठपुरावा केला. तिथे व्यसनी झालेल्यांपैकी पहिल्या वर्षात पुन्हा व्यसनात अडकले ते सुमारे ५ टक्के. द्रव्य तेच, माणूस तोच. रणांगण गेलं, घर आलं, एवढाच फरक.

पण मंडळी, इथे घाईने टाळ्या वाजवू नका. परिस्थिती बदलली की व्यसन आपोआप सुटतं, असा त्याचा अर्थ नाही. त्यातलेही काही सुटले नाहीत. एकाच घरातले दोन भाऊ, एक अडकतो, दुसरा नाही. अनुवंश आहे, लहानपणीचे आघात आहेत, मनाचे आजार आहेत. आणि एकदा शरीराला सवय लागली की मात्रा वाढत जाते, बंद केली की अंग मोडतं, पोट बिघडतं, झोप उडते. त्या अवस्थेत औषधोपचार लागतातच. परिस्थितीने दार उघडलं, पण आत गेल्यावर दाराला आतून कडी नसते, असं म्हणा हवं तर.

'आप' म्हणवून घेणं

मग बाहेर कसं पडायचं? एक उदाहरण आपल्याच मातीतलं आहे. ते अफूचं नाही, दारूचं आहे, हे आधीच सांगतो. पण मनाची यंत्रणा जवळची आहे.

१९३७-३८ मध्ये तेव्हाच्या पश्चिम खानदेशात, तळोदे तालुक्यात रंजनपूरजवळ, गुलाम महाराज नावाच्या एका भिल्ल तरुणाने चळवळ उभी केली. हजारो आदिवासी जमू लागले. दारू सोडा, स्वच्छ राहा, आणि एकमेकांना 'आप' म्हणा. म्हणून ती 'आप' चळवळ. १९३८ मध्ये गुलाम महाराज वारले, पुढे त्यांचे बंधू रामदास महाराज यांनी धुरा घेतली.

यातला 'आप' मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. सावकार, शिपाई, फॉरेस्टवाला ज्याला पिढ्यान्‌पिढ्या 'अरे', 'तू' म्हणत आला, त्याला त्याच्याच माणसाने 'आप' म्हटलं. पेला हातातून काढून घेण्याआधी त्या हाताला मान दिला. आणि सोडणारा एकटा नव्हता, पाडाच्या पाडा बरोबर होता. अर्थात यामुळे जमीन परत मिळाली नाही. कर्ज आणि वेठ तशीच राहिली, आणि तो लढा पुढे अनेक वर्षं चालला. पण सुटकेचं पहिलं पाऊल मानाचं असू शकतं, हे या चळवळीने दाखवलं.

पुढे पुण्यात १९८६ मध्ये डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी मुक्तांगण सुरू केलं. तेव्हा शहरांत गर्दचं, म्हणजे ब्राऊन शुगरचं पीक आलं होतं, आणि अनिल अवचटांनी त्यावर लिहिलेलं महाराष्ट्राने वाचलं. पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी आर्थिक हात दिला. तिथे औषध आहेच, पण त्याबरोबर गट आहे, घरच्यांसाठी बैठका आहेत, बाहेर पडल्यावरचा पाठपुरावा आहे. रंजनपूरची आणि मुक्तांगणची भाषा वेगळी, पण दोघांनीही माणसाला एकटं सोडलं नाही.

आज

सरकारने १९४९ मध्ये ठरवलं, की औषधाव्यतिरिक्तची अफू दहा वर्षांत बंद करायची. ३१ मार्च १९५९ ही मुदत. १९८५ मध्ये एनडीपीएस कायदा आला. अफूची परवान्याची दुकानं इतिहासजमा झाली. मग प्रश्न संपला का?

केंद्र सरकारसाठी एम्सने केलेल्या पाहणीचा अहवाल २०१९ मध्ये आला. देशात १० ते ७५ वयोगटातले सुमारे २ कोटी २६ लाख लोक अफूजन्य द्रव्यं घेतात, त्यातल्या सुमारे ७७ लाखांना मदतीची गरज आहे. आणि आता हेरॉइन आणि औषधी गोळ्या-सिरप यांनी जुन्या अफूला मागे टाकलं आहे. वस्तूने वेष बदलला. कोडीनचं खोकल्याचं औषध, ट्रॅमाडॉलची गोळी. २०१८ मध्ये ट्रॅमाडॉलही या कायद्याखाली आणावं लागलं.

आपल्या जिल्ह्यांकडे बघा. जळगावची, अमळनेरची मिल बंद पडली. कापसाचा भाव पावसासारखा बेभरवशाचा. शिकलेल्या मुलाला नोकरी नाही, नोकरी नाही म्हणून लग्न नाही. धुळ्याला दोन महामार्ग एकमेकांना छेदतात, ड्रायव्हर रात्रंदिवस पळतात. मुलगा खोकल्याच्या बाटल्या पितो हे कळल्यावर घरातले काय करतात? आधी मारतात, मग लपवतात. "लोक काय म्हणतील" ही आपल्याकडची सगळ्यात जुनी बाळगोळी आहे. तिने घर शांत होतं, दुखणं आत वाढत राहतं.

म्हणून व्यसन हा शब्द मला त्याच्या दोन्ही अर्थांनी परत हवा आहे. घरात व्यसन शिरलं म्हणजे संकट आलं. आग लागली तर आपण शेजाऱ्याला हाक मारतो ना? पूर आला तर तहसीलदाराकडे जातो ना? तसंच इथे करायला हवं. पण माणसाची जबाबदारी संपली असंही मी म्हणत नाही. सोडण्याचा निर्णय त्यालाच घ्यावा लागतो. फक्त तो निर्णय पेलेल इतकी जमीन त्याच्या पायाखाली असायला हवी, आणि ती आपण सगळ्यांनी मिळून द्यायची असते.

थांबतो. प्रश्न घेऊ.

प्रश्नोत्तरं

*प्रश्न: मुलाला दवाखान्यात नेलं तर पोलीस केस होईल, अशी भीती वाटते.*

ही भीती खूप घरांत आहे, म्हणून नीट ऐका. एनडीपीएस कायद्यातच ६४-अ हे कलम आहे. थोड्या मात्रेच्या किंवा सेवनाच्या गुन्ह्यात अडकलेली व्यसनी व्यक्ती स्वतःहून मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेत असेल, तर तिला खटल्यापासून संरक्षण मिळू शकतं. पण उपचार पूर्ण करावे लागतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानेही व्यसनातून येणाऱ्या अवस्थांना आजारात धरलं आहे. १४४४६ हा केंद्र सरकारचा मोफत हेल्पलाइन क्रमांक आहे, तिथून सुरुवात करा.

*प्रश्न: मग अफूजन्य औषधं पूर्ण बंदच का करू नयेत?*

कारण कॅन्सरच्या शेवटच्या टप्प्यातल्या माणसाला मॉर्फिनसारखा आधार नाही. १९८५ च्या कायद्यानंतर भीतीपोटी दवाखान्यांनी मॉर्फिन ठेवणंच सोडलं, आणि असंख्य लोक वेदनेत गेले. २०१४ मध्ये कायदा दुरुस्त करून ती वाट सोपी करावी लागली. रॉयल कमिशनच्या वेळी जे झालं तेच पुन्हा नको. वस्तूला देव करू नका, राक्षसही करू नका. ज्याला दुखतंय त्याला आधी विचारा, की कुठे दुखतंय?